सावळारामच्या घरची मोडलेली गौर

वैशाखऱ्याहून मुरबाडच्या दिशेने निघालं की टोकावड्यापर्यंत रस्त्याच्या दोन्ही अंगांना ज्या जर्सी गाई चरताना दिसतात, त्यांतल्या निम्म्यांच्या जन्माला सावळाराम जबाबदार आहे. असं लोकच म्हणतात, आणि यापुढे जे म्हणतात ते चारचौघांत सांगण्यासारखं नाही. मोटरसायकलच्या मागे नायट्रोजनचं भांडं बांधून तो निघाला की पारावरचं एखादं टाळकं हमखास विचारणार, "काय डॉक्टर, आज किती जणांचे बाप झालात?" सावळाराम गाडी हळू करतो, "मोजलं नाय," म्हणतो आणि पुढे जातो. हसत नाही, चिडतही नाही. चेष्टा करणाऱ्याला आपणच काहीतरी चुकीच्या घरी पाहुणे गेलो असं वाटतं.

तो डॉक्टर नाही. बारावीला इंग्रजीने दोनदा दगा दिला, तेव्हा वडिलांनी कुठूनतरी कृत्रिम रेतनाच्या, म्हणजे वळूशिवाय गाई भरवण्याच्या, ट्रेनिंगची माहिती आणली. त्याच्यासोबतची पोरं कंपनीत लागली, त्यांनी घड्याळं घेतली, गॉगल घेतले. सावळारामच्या हाती खांद्यापर्यंत येणारा प्लास्टिकचा मोजा आला. लग्नासाठी मुलगी बघायला गेला तेव्हा काय काम करता या प्रश्नावर तो इतका वेळ गप्प राहिला, की मुलीच्या मामांना वाटलं हा पोलिसातला आहे. ती मुलगी म्हणजे मालू. तिला खरं कळलं ते हळदीच्या दिवशी. त्या दिवशी तिला हसू आवरेना, आणि पुढची कितीतरी वर्षं तो कामावरून आला की ती आधी विचारायची, "हात धुतलात का?" आणि मग हसायची.

म्हणजे त्या घरात हसणं होतं. बारा वर्षांपूर्वीपर्यंत होतं.

दात काढण्याआधी डॉक्टर इंजेक्शन देतात, तेव्हा गाल आपलाच असतो पण चाचपून बघितला तर दुसऱ्याचा वाटतो. सावळारामचं बारा वर्षं तसं चाललं होतं. जेवायचा, झोपायचा, गावकीच्या बैठकीला जायचा, देवळात गेला तर घंटा वाजवायचा. देवावर राग होता म्हणावं तर तसंही नाही. राग यायलाही आत काहीतरी लागतं.

त्याचं कारण आख्ख्या वाडीला माहीत आहे. नवीन माणसाला ते सांगताना मात्र आधी सण मोडणं म्हणजे काय ते सांगावं लागतं.

सणाच्या दिवशी घरात कुणी गेलं, की तो सण त्या घराला मोडला. मग पुढच्या वर्षी नाही, त्याच्या पुढच्या वर्षीही नाही. शेजारी पुरण शिजू दे, ढोल वाजू दे, त्या घरात साधा भातच. मोडलेला सण पुन्हा उघडायला दोनच वाटा. त्याच सणाच्या दिवशी घरात मूल जन्मलं पाहिजे, नाहीतर गोठ्यात गाय व्याली पाहिजे. काही घरांची दिवाळी तीन-तीन पिढ्या अशी अडकून पडलेली आहे. नातवंडांना विचारलं की आपल्यात दिवाळी का नाही, तर ती सांगतात, "गाय व्यायची हाय अजून."

सावळारामच्या घरची मोडली ती गौर. घर एक, चुली दोन. एक सावळारामची, एक त्याचा धाकटा भाऊ वाल्मिक याची. देव्हारा मात्र एकच, म्हणून गौरही एकच. त्या वर्षी गौर घरात आणायचा मान सावळारामच्या भूमिकाचा होता. नऊ वर्षांची. सकाळी पोरींबरोबर ती ओढ्याकाठी तेरडा आणायला गेली आणि येताना म्हणाली, पायाला काहीतरी टोचलं. काटा असेल म्हणून मालूने हळद चेपली. दुपारी तेरड्याची जुडी घेऊन पोरगी उंबऱ्यावर उभी राहिली. तिच्या पायांवर पाणी घातलं, भाकरतुकडा ओवाळून टाकला, आणि तांदळाच्या पिठाने काढलेल्या पावलांवर पाय देत ती आत आली. गौरीला सगळं घर दाखवायचं असतं. चूल, कणगी, माळा, गोठा. प्रत्येक ठिकाणी बाया विचारणार, गौर कशाच्या पावली आली, आणि पोरीने सांगायचं, सोन्याच्या पावली. कणगीपाशी ती म्हणाली, डोळे मिटतायत. बाया हसल्या, उपासाने पेंगते म्हणाल्या. सावळारामने तिच्याकडे बघितलं. त्याने गुरांमध्ये असे जड डोळे बघितले होते. तो म्हणाला, मी गाडी काढतो. तेव्हा मालू म्हणाली, माळा आणि गोठा राहिलाय, तेवढं होऊ द्या, अर्ध्यावर गौर ठेवू नये. कुणीही हेच म्हटलं असतं. सावळाराम थांबला.

वीस मिनिटं लागली. गोठ्यात ती शेवटचं सोन्याच्या पावली म्हणाली, ते नीट ऐकूही आलं नाही. तिला पान लागलं होतं, म्हणजे सापच चावला होता, हे मुरबाडला पोचल्यावर कळलं. पोचेपर्यंत ती बोलायची थांबली होती.

वीस मिनिटं आधी निघाले असते तर काय झालं असतं, हे सांगता येत नाही असं तिथल्या डॉक्टरांनी प्रामाणिकपणे सांगितलं. सांगता येत नाही, हे सावळारामच्या डोक्यात जे बसलं ते उठलंच नाही. मालू आणि तो त्या वीस मिनिटांबद्दल एकमेकांशी कधीच बोलले नाहीत. ती बाईमाणसांत मिसळायची, शेतावर जायची, त्याला डबा द्यायची. हात धुतलात का, हे विचारायची बंद झाली. तो हात धुवायचाच.

गौरीच्या दिवशी सावळाराम लांबची कामं घ्यायचा. मालू रानात जायची. घरात शांतता असायची आणि ती शांतता सावळारामला चालायची. भूमिकाचं दप्तर वाल्मिकच्या पोराकडे गेलं, फ्रॉक कुणाकुणाला गेले, वाढदिवस तर त्यालाही नेमका आठवायचा नाही. राहिला होता तो एवढा एक रिकामा दिवस. गावभर गौर असताना आपल्या घरी ती नाही, म्हणजे कोणीतरी नाही, एवढं तो दिवस दरवर्षी सांगायचा. बाकी काही वाटायचं नाही, पण एवढं कळायचं.

त्या दिवसावर संकट आलं ते दर्शनाच्या पावलांनी.

दर्शना म्हणजे वाल्मिकची सून. डोळखांबच्या बाजूची, बडबडी, हिशेबाने हसणारी नव्हे. वाल्मिकच्या प्रज्वलशी तिचं लग्न मे महिन्यात झालं आणि भाद्रपदात तिची पहिली गौर आली. सासरची पहिली गौर म्हणजे नव्या नवरीचा दिवस. माहेरी तिच्या घरात गौर म्हणजे तीन दिवस फुगड्या, घसा बसेपर्यंत गाणी, तिसऱ्या दिवशी सुकटीचं कालवण. हिने सकाळी उठून तांदूळ वाटले, वाटीत पीठ कालवलं, आणि उंबऱ्यात बसून मुठीने पहिलं पाऊल उमटवलं. वर पाच बोटं काढली. तेवढ्यात तिची सासू शकू आली आणि तिथेच थबकली. आपल्याकडे गौर मोडलीय, हे लग्नाच्या याद्यांत, मानपानाच्या भांडणात कुणाला सांगायचं सुचलंच नव्हतं. शकूने आता सांगितलं. दर्शनाने ऐकून घेतलं आणि ओल्या फडक्याने पाऊल पुसलं. शेणाने सारवलेल्या जमिनीत पांढरं जरा राहिलंच.

रडली ती नंतर, न्हाणीत. पाण्याचा नळ सोडून. पण त्या वाडीत नळाला पाणी एवढं बारीक येतं की आवाज काही झाकला नाही.

तुळशीच्या लग्नाला पुढच्या वर्षीचं कॅलेंडर घरात आलं आणि वाल्मिकने विषय काढला. भावकीतले सगळ्यात थोरले काळूनाना मुद्दाम बोलावलेले. नानांना पंचांग पाठ आणि स्वतःचं म्हणणं त्याहून पाठ. मोडलेली गौर उघडली पाहिजे यावर सगळ्यांचं एकमत होतं. कशी, यावर आधी सगळ्यांनी प्रज्वलकडे बघितलं. नेमक्या दिवशी मूल जन्माला घालायची जबाबदारी अंगावर येते आहे हे दिसताच प्रज्वल म्हणाला, "नाना, गायच बरी. आपल्या घरात डॉक्टर हाय."

सगळे हसले आणि मग सगळ्यांना कळलं, की हे खरंच आहे. गाय दोनशे ऐंशी दिवसांनी विते. गौर कधी हे कॅलेंडरात छापलेलं आहे. गाय कधी भरवायची हे ठरवणारा माणूस कोपऱ्यात बसून चहा पितो आहे.

शकूने शंका काढली, की असं ठरवून केलेलं देवाला चालतं का. काळूनानांनी मान हलवत निवाडा दिला. "देवाला वासरू दिसतं. ते कुठल्या तारखेच्या इंजेक्शनचं, हे तो विचारत नाय. सावळाराम, तुझं काय म्हननं?"

सावळारामने कप खाली ठेवला. नाही म्हणावं असं त्याला वाटलं. पण का नाही, हे सांगायला गेलं तर काय सांगणार? माझ्या पोरीचा मोकळा दिवस मोकळा राहू द्या? दर्शना दारात उभी राहून ऐकत होती. बावीस वर्षांची. भूमिका असती तर एकवीसची असती. त्याने मालूकडे बघितलं, मालू वाती वळत होती, वळतच राहिली.

"गाय पंचांग वाचत नाय," तो म्हणाला. "दोन दिवस इकडंतिकडं होतं."

"म्हंजे हो," काळूनाना म्हणाले.

मार्गशीर्षात सावळारामने इंजेक्शन देऊन कपिलीला माजावर आणली आणि दिवस मोजून भरवली. कपिली त्याच्याच गोठ्यातली, दोन वेतांची, स्वभावाने गरीब. शेकडो गाई भरवल्या, पण त्या सकाळी मोजा घालताना प्रथमच त्याला कुणी बघू नये असं वाटलं. बघायला सगळं घर होतं. दर्शनाने तर गाईला गूळ भरवला. तीन महिन्यांनी तपासून गाभण आहे असं त्याने सांगितलं, तेव्हा घरात पेढे आले. गाईच्या गाभणपणाचे पेढे वाटल्याची ही वाडीतली पहिलीच वेळ. पारावर नवा विषय मिळाला. "डॉक्टर, डोहाळजेवन कधी?" असं विचारण्यात आख्खा उन्हाळा गेला.

दर्शना रोज कपिलीच्या पोटाला हात लावून यायची, हिरवा चारा निवडून घालायची. एकदा तिने सावळारामला विचारलं, "आप्पा, दिवशीच होईल ना हो?" त्याने वहीतलं दाखवलं. आधीच्या दोन वेतांचे दिवस तिथे लिहिलेले, एकदा दोनशे एक्याऐंशी, एकदा दोनशे एकोणऐंशी. ती खूश होऊन गेली. सावळारामला मात्र त्या आकड्यांकडे बघून काहीच वाटेना. व्याली तर त्याचा दिवस जाणार, नाही व्याली तर या पोरीचा. दोन्हींकडे तो लांबून बघत होता, जसं परक्या गावातल्या दोन घरांच्या भांडणाकडे बघावं.

गणपती बसले. गौरीच्या दिवशी अनुराधा नक्षत्र दुपारी चार वाजून एकतीस मिनिटांनी लागत होतं. त्यानंतरच गौर घरात घ्यायची, हे काळूनानांनी वाडीत दारोदार सांगून ठेवलेलं. सण धरायचा तो तेव्हापासून, गाय त्याआधी व्याली तर ती सणात मोजायची नाही. सकाळपासून कपिली पाय बदलत होती. कास टच्च भरलेली, शेपटाच्या मुळाशी दोन्ही बाजूंना खळगे पडलेले. घरात आनंद मावेना. शकूने डाळ भिजवली. दर्शनाने पुन्हा तांदूळ वाटले, पण वाटी झाकून ठेवली. सावळारामने या वेळी लांबचं काम घेतलं नव्हतं, घेताच येणार नव्हतं. मालूही रानात गेली नाही. बारा वर्षांत पहिल्यांदा त्या दिवशी दोघं एका छपराखाली होते, आणि एकमेकांना वाट द्यायला दोघंही भिंतीकडून चालत होते.

तीन वाजता पाणमोट फुटली. साडेतीनला एक खूर दिसला. एकच. सावळारामने हात साबणाने धुतले, एक आत घातला. वासराचा दुसरा पाय गुडघ्यात मुडपून मागे राहिला होता. नव्या माणसाला घाम फुटावा असं ते काम, सावळारामने ते शेकडो वेळा केलेलं. कळ ओसरली की वासराला आत ढकलायचं, खूर तळव्यात झाकून घ्यायचा, हळूच सरळ करायचा. चारला पाच कमी असताना दोन्ही खूर बाहेर आले आणि त्यांच्यावर नाक. जीभ बाहेर लोंबत होती, निळसर. त्याने जिभेला चिमटा काढला. जीभ हलली, पण आळसावल्यासारखी.

"दोरी दे," तो म्हणाला.

वाल्मिकच्या हातात दोरी होती. त्याने ती दिली नाही. त्याने प्रज्वलकडे बघितलं, प्रज्वलने मोबाइलकडे. चार वाजून दोन मिनिटं.

"दादा, अर्धाच तास राहिलाय," वाल्मिक म्हणाला.

बाहेर ओढ्याच्या बाजूने पोरींचा गलका ऐकू येत होता, तेरड्याच्या जुड्या घेऊन त्या वेळ व्हायची वाट बघत बसल्या होत्या. काळूनाना पुढे आले. त्यांच्या आवाजात जबरदस्ती नव्हती, उलट फार माया होती.

"तू वढू नको म्हनत नाय रे मी. नुसता हात काढून घे. बाजूला बस. पाय तर सरळ केलास, आता पुढचं देवावर सोड. व्हायचं तेव्हा व्हईल. गाई काय तुझ्या आधी वीत नव्हत्या?"

हे ऐकायला इतकं बरोबर होतं, की शकूने हात जोडले. आणि खरं सांगायचं तर थांबून वासरू वाचलंही असतं. कधी वाचतं. अर्धा तास अडकलेली वासरं सावळारामने जिवंत काढली होती आणि मेलेलीही काढली होती. कुणी विचारलं असतं तर त्यानेही प्रामाणिकपणे सांगितलं असतं, की सांगता येत नाही.

सावळाराम हात तसाच ठेवून वाकून उभा होता. त्याला राग आला नाही, रडू आलं नाही. फक्त कोपरापासून खाली वासराच्या जबड्याची ऊब लागत होती आणि कोपरापासून वर काहीच लागत नव्हतं. हात काढून बाजूला बसणं फार सोपं होतं. मागच्या वेळीही थांबायला सोपंच गेलं होतं.

मालू भिंतीपासून निघाली. तिने दिराच्या हातातून दोरी घेतली, हिसकावली नाही, दळण घ्यावं तशी घेतली. वाकून वासराच्या दोन्ही पायांना खुरांच्या वर फास घातला, हे तिने नवऱ्याचं इतक्या वर्षांत बघितलेलं असणार. पदर खोचला, पाय रोवले आणि दोरीचं टोक मनगटाला गुंडाळून नवऱ्याकडे बघितलं.

"कळ आली का सांगा."

"आली," सावळाराम म्हणाला.

दोघांनी ओढलं. कळ गेली की थांबायचं, आली की खाली झुकवत ओढायचं. तिसऱ्या कळेला मालूचा पाय शेणावरून सटकला, तेव्हा मागून कुणीतरी तिच्या कंबरेला धरलं. ती दर्शना होती. तिच्या हिरव्या नव्या साडीला गोठ्यातलं जे काही लागायचं ते सगळं लागलं. तिने मोबाइलकडे बघितलं का नाही, हे सावळारामला दिसलं नाही. डोकं सुटलं, खांदे सुटले आणि मग सगळं वासरू एकदम गवतावर पडलं, ओल्या पोत्यासारखं.

हलेना. सावळारामने नाकातोंडातला चिकटा बोटाने काढला, मागचे पाय धरून लोंबतं केलं, पुन्हा खाली ठेवून छाती चोळली. काडी घेऊन नाकपुडीत घातली. एकदा. दोनदा. मग ते शिंकलं. शिंक अशी, की कपिलीने दचकून मान वळवली आणि चाटायला लागली.

"पाडी हाय," सावळाराम म्हणाला.

प्रज्वलच्या मोबाइलवर चार वाजून बारा मिनिटं झाली होती.

एकोणीस मिनिटं कमी. सगळे त्या पाडीकडे असे बघत होते, जणू बिचारी चुकीच्या दिवशी पाहुणी आलीय. वाल्मिक गोठ्याबाहेर जाऊन बिडी पेटवू लागला. शकू हळू आवाजात भिजवलेल्या डाळीचं काय करायचं ते स्वतःलाच विचारत होती. शेवटी काळूनानांनीच तोडगा काढला. ते काही वाईट माणूस नाहीत. घर उघडावं, पोरीबाळींनी हसावं, एवढंच त्यांना हवं होतं.

"सावळाराम, तुझी वही हाय ना? चार बत्तीस लिही. चार पस्तीस लिही. आपन सोडून इथं कोन होतं? गौरीला काय, ती यायलाच बसलीय."

सगळ्यांनी सावळारामकडे बघितलं. तो बादलीत हात धूत होता. तसं लिहिलं तर सण उघडणार होता. त्याच्या वहीवर वाडीत कुणी संशय घेतला नसता, आणि पाडी तर डोळ्यांसमोर होती. लिहावं असं त्याला वाटलंही. पोरीच्या साडीकडे बघून वाटलं. पण लिहिलं असतं तर त्या गोठ्यात बसून सगळे साडेचारपर्यंत थांबले होते असं झालं असतं. मालूही थांबली होती असं झालं असतं. हे त्याला कुणाला समजावून सांगता आलं नसतं, आणि सांगावं लागलं नाही.

"नाना," मालू म्हणाली. ती गवतावर बसली होती आणि दोरीने सोललेलं मनगट दुसऱ्या हाताने धरून होती. "मागच्या टायमाला मी म्हनलेली, थांबा. हे गाडी काढत होते, मी म्हनलेली माळा राहिला. ह्या वेळी आमी थांबलो नाय. तेवढं लिहून असू द्या."

काळूनानांनी टोपी काढली, पुन्हा घातली. सावळारामने भिंतीतल्या कोनाड्यातून वही काढली आणि ओल्या बोटांनी लिहिलं. कपिली, पाडी, ४.१२. शाई जरा फुटली.

चार एकतीसला ओढ्याकडून पोरी निघाल्या. ताटं वाजवत, पायांवर पाणी घेत एकेका घरात शिरत वर आल्या. शेजारच्या घरी विचारलेलं इथे स्पष्ट ऐकू येत होतं, गौर कशाच्या पावली आली, आणि कुणाची तरी पोर ठसक्यात उत्तर देत होती. या घरावरून त्या सवयीने पुढे गेल्या. गणपतीसमोर समई होती, त्याच्याशेजारी रिकामा पाट. वाल्मिक जेवणाचं काय ते विचारायला आत आला, तर शकूने भिजलेल्या डाळीचे वडे करायला घेतले होते. वडे करायला सण लागत नाही, असं ती कढईला सांगत होती.

सावळाराम गोठ्यातच बसून होता. कपिलीची वार पडायची वाट बघायची होती, ते कामच होतं. आता काहीतरी वाटेल असं त्याला उगाच वाटत होतं. वाटलं ते एवढंच, की उजवा खांदा खूप दुखतो आहे. तो दुखणारा खांदा त्याने चाचपून बघितला. मालू जवळच होती, चीक काढून पाडीला बोटाने चाटवत होती. पाडी उठायला बघायची, चारही पाय चार दिशांना जायचे, पुन्हा बसायची.

"मला ठाऊक होतं," सावळाराम म्हणाला. "तू म्हनलेलीस ते. पन थांबलो तर मीच ना."

मालूने मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते अंधारलेल्या गोठ्यात कळण्यासारखं नव्हतं. मग ती म्हणाली, "खांद्याला तेल लावते नंतर."

दर्शना साडी बदलून दोघांचा चहा घेऊन आली आणि गेली नाही, तिथेच उकिडवी बसली. डोळे लाल होते, पण पाडी पडली की तिला हसू येत होतं आणि ते ती लपवत होती. तिचा मोबाइल वाजला. तिच्या आईचा फोन होता. मागे ताटांचा आणि फुगड्यांचा एवढा गोंगाट, की सावळारामलाही ऐकू आला. दर्शनाने मोबाइल छातीशी दाबून धरला.

"मोठी आई, ती विचारते, गौर आली का. काय सांगू?"

मालूने बोट पाडीच्या तोंडातून सोडवून घेतलं आणि पदराला पुसलं.

"सांग, पाडी झाली. अडकलेली, पन ठीक हाय."

दर्शनाने तसंच सांगितलं. मग पाडीचा रंग सांगितला, कपाळावरचा पांढरा ठिपका सांगितला, आणि आपण कसं मागून धरलं तेही जरा वाढवूनच सांगितलं. सावळाराम चहा पीत ऐकत होता. चहात तिने साखर दोनदा घातली असावी, फारच गोड होता. त्याने तो सगळा प्यायला.